नववीची घंटा आणि बारावीची स्मरणिका: एका वर्गाने मागे वळून बघितलं तेव्हा काय झालं (प्रकरण अभ्यास)

शाळा सोडून चाललेल्या एका वर्गाने स्मरणिका काढायची ठरवली आणि त्यात जे काय झालं ते इथे सविस्तर लिहितेय. हे काम दरवर्षी कुठल्यातरी वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडतंच, आणि सगळ्यांचा समज असा की मुलं आठवणी लिहितील, आपण फक्त शुद्धलेखन बघायचं, झालं काम. मुलांची नावं देत नाहीये, आणि जे छापायला त्यांनी हो म्हटलं होतं तेवढंच इथे आहे.

वर्ग साधारण पन्नास मुलांचा. आठवीपासून बारावीपर्यंत बहुतेक तीच मुलं, मधे काही सोडून गेली, काही नवीन आली. मी त्यांची वर्गशिक्षिका झाले ती अकरावीत, म्हणजे आठवी, नववी, दहावीत ह्या मुलांनी काय दिवे लावले ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे कोणाचं खरं धरायचं हा प्रश्न आला तेव्हा माझ्याकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं.

स्मरणिकेची कमिटी सहा जणांची. कोणी निवडली नाही, आपोआप झाली, जी मुलं नेहमी पुढे असतात तीच ह्यातही पुढे. त्यांनी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की चला, आठवणी टाका रे, आणि एका संध्याकाळीत इतके मेसेज पडले की सेक्रेटरी मुलगी दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, मॅडम आपलं काम झालंच जवळपास, आता फक्त निवडायचंय.

वाचलं तर मजा येत होती हे खरंच, पण फिरून फिरून तीनच गोष्टी. दहावीची सहल, वार्षिक कार्यक्रमात मधेच बंद पडलेलं गाणं, आणि नववीतली घंटा. घंटेची गोष्ट ह्या वर्गाची मोठी मिरवायची गोष्ट, मला अकरावीत पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ऐकवली होती. झालं असं की नववीत कोणीतरी शेवटच्या तासाची घंटा पंधरा-वीस मिनिटं आधीच वाजवली, अख्खी शाळा दप्तरं घेऊन बाहेर, गेटवर गोंधळ, आणि संशय थेट ह्यांच्या वर्गावर. प्रिन्सिपल सरांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं, नाव सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही. आणि कोणीही नाव सांगितलं नाही. शेवटी सर कंटाळून निघून गेले. ह्या एका वाक्यासाठी बाकीची गोष्ट सांगितली जायची, "एकानेही तोंड उघडलं नाही", आणि हे सांगताना जी मुलं त्या दिवशी गैरहजर होती त्यांचीही छाती फुगायची.

कमिटीने कच्चा मसुदा करून वर्गात फिरवला. दोन दिवसांनी एक मुलगी, जी दोन वर्षांत माझ्याशी वर्गाबाहेर चारपाच वाक्यं बोलली असेल, ती मसुदा परत द्यायला आली आणि म्हणाली, "मॅडम, छान झालंय, पण ह्यात मी पाच वर्षं कुठे होते?"

मी कमिटीला बसवून मसुद्यातली नावं मोजायला लावली. डझनभर नावं सारखी येत होती, आणि अर्ध्याहून जास्त वर्गाचं नाव एकदाही नाही. कमिटीचं म्हणणं असं की ग्रुप सगळ्यांना खुला होता, कोणाला लिहू नको म्हटलं नव्हतं, आता ज्यांनी लिहिलं नाही त्यांना आम्ही काय करणार. आणि खरं सांगायचं तर ह्यात त्यांची चूक काढायला जागा नव्हती, कोणी कोणाला दाबलं नव्हतं.

पण एकत्र बसून आठवायला लागलं की नेमकं हेच होतं. वेल्डन आणि बेलिंजर ह्या दोघींनी १९९७ साली हे तपासून दाखवलं. काही लोकांना एकत्र बसवून एखादी गोष्ट आठवायला सांगितली, आणि तेवढ्याच लोकांना वेगवेगळं बसवून त्यांची उत्तरं नंतर एकत्र केली, तर वेगवेगळं बसलेल्यांची बेरीज जास्त भरते. कारण साधं आहे. प्रत्येकाची आठवण काढायची आपापली वाट असते, कोणी माणसांवरून जातं, कोणी जागेवरून, आणि दुसरा मोठ्याने बोलायला लागला की आपण त्याच्या वाटेला लागतो आणि आपली राहून जाते. ग्रुपवर तर पहिला मेसेज सहलीचा पडला की पुढचे चाळीस सहलीचेच. ज्या मुलाच्या डोक्यात लायब्ररीचा कोपरा होता तो काय आता मधेच लायब्ररी काढणार? तो हसायची इमोजी टाकतो आणि गप्प बसतो.

म्हणून ग्रुप बंद ठेवला आणि एक अख्खा तास घेतला, सगळे वर्गात, फोन बॅगेत, कागद-पेन, बोलायचं नाही. नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. कागदाचा कोपरा दुमडला तर छापायचं नाही, फक्त मी वाचणार. हा कोपऱ्याचा नियम कमिटीतल्याच एका मुलाने सुचवला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात ह्याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नव्हती, कारण नाहीतर मुलं एकतर काहीच लिहीत नाहीत किंवा छापण्यासारखंच लिहितात.

प्रश्नांवर मात्र आमची बरीच ओढाताण झाली. कमिटीला हवं होतं "शाळेतली सगळ्यात आवडती आठवण". मी आधी दोनचार जणांना तोच विचारून बघितला, तर परत सहल. "सगळ्यात" म्हटलं की माणूस जे आधीच हजारदा सांगून झालंय तेच उचलतो. मग प्रश्न असे केले: नववीत तू कुठल्या बाकावर बसायचास आणि तिथून काय दिसायचं. मधल्या सुट्टीत तू बहुतेक कुठे असायचास. कोणाशी बोलणं कमी झालं आणि का ते आजही नीट कळलेलं नाही. आणि शेवटचा, अशी एक गोष्ट लिही जी वर्गात फक्त तुलाच आठवत असेल असं वाटतं.

आणि हा तास आम्ही बारावीच्या वर्गात न घेता खाली नववीच्या जुन्या खोलीत घेतला. जागेमुळे आठवतं असं मानसशास्त्रात जुनं म्हणणं आहे, गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ साली पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला लावले होते, आणि जिथे पाठ केले तिथेच ते जास्त आठवले. अलीकडे २०२१ मध्ये तोच प्रयोग परत केला तर तसं काही दिसलं नाही, त्यामुळे ह्यावर फार विसंबू नका. पण आमच्या खोलीत काय झालं ते सांगते. ही धिप्पाड मुलं त्या बाकांवर बसली तर गुडघे वर, बाक करकरतायत, सगळे हसतायत, आणि मग एकेक जण काहीही न सांगता उठून आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसला. दोन मुलांचं तिसऱ्या रांगेवरून वाजलं, "इथे मी होतो", "नाही, तू सहामाहीनंतर आलास". एक मुलगी बाकाखाली हात घालून चाचपत होती, म्हटलं काय गं, तर म्हणाली कर्कटकाने कोरलेलं आहे, आहे अजून. मागच्या खिडकीच्या कडीला तेव्हा तार बांधलेली होती, अजूनही तारच होती, फक्त नवीन. हे सगळं पाचसात मिनिटं चाललं आणि मग जी शांतता झाली ती तास संपेपर्यंत. मागे जादा कागद ठेवलेले तेही संपले.

त्या कागदांत सहल होतीच, पण थोडी. भरपूर काय होतं तर स्वतःची फजिती. एका मुलाने दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं की आठवीत प्रार्थनेच्या वेळी त्याला सुविचार सांगायला उभं केलं आणि तो मधेच विसरला, आणि तेव्हापासून वर्ग त्याला त्याच नजरेने बघतो. आता गंमत अशी की पन्नास जणांच्या कागदांत ह्या प्रसंगाचा उल्लेख दुसरीकडे कुठेही नाही. एकाही कागदावर नाही. २००० सालचा गिलोविच आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ह्यावरच आहे, त्यांनी कॉलेजच्या मुलांना एका गायकाचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून लोक बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी तो बघितला असणार, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला. मी ह्या मुलाला बोलावून सांगितलं की अरे, दुसऱ्या कोणालाच आठवत नाहीये. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, सुटकाही होती आणि थोडा रागही, म्हणजे पाच वर्षं आपण उगाच एकटेच ते वागवत होतो का!

दुसरा प्रकार म्हणजे "सगळ्यांचे ग्रुप होते, माझाच नव्हता". हे इतक्या कागदांवर होतं की ते सगळे एकत्र केले असते तर वर्गातला सगळ्यात मोठा ग्रुप तोच झाला असता. ह्यालाही हिशोब आहे, स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये मांडला, आणि आकडे वापरले तेही हायस्कूलच्या मुलांच्या मैत्रीचेच. बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात, कारण ज्याला पुष्कळ मित्र आहेत तो पुष्कळांच्या यादीत येतो आणि ज्याला एकच आहे तो एकाच्याच. म्हणजे मोजपट्टीच अशी की बहुतेकजण कमी भरतात. हे मी वर्गात फळ्यावर पाच गोल आणि रेघा काढून दाखवलं. मागून एकजण म्हणाला, मॅडम हे आठवीत सांगायला पाहिजे होतं कोणीतरी. बरोबर आहे त्याचं.

तिसरं, सोडून गेलेली मुलं. कमिटीने ठरवलं होतं की दाखला घेऊन गेले ते आपल्या बॅचमधे धरायचे नाहीत, बारावीला जे पटावर आहेत तेच. पण "बोलणं कमी झालं" ह्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळा ज्या मुलाचं नाव आलं तो दहावीतच गेलेला. तो नियम तिथेच मोडला, फार वाद न होता.

आणि मग घंटा.

घंटेच्या बारातेरा हकिकती आल्या आणि कुठलीच दुसरीशी जुळेना. कोणाच्या मते एक तास उभं केलं, कोणाच्या मते संध्याकाळपर्यंत. दोघांच्या आठवणीत पाऊस आला, एकाला कडक ऊन लागलेलं. इथपर्यंत चालतं, असं होतंच. पण दोन कागद वेगळे होते.

एका कागदावर नाव नव्हतं, कोपरा दुमडलेला नव्हता, आणि लिहिलं होतं की सगळे म्हणतात कोणी नाव सांगितलं नाही, पण सर निघून गेले ते कंटाळून गेले नाहीत, त्यांना नाव मिळालं होतं, मी सांगितलं. का सांगितलं तेही लिहिलं होतं, ते तिने नंतर काढायला लावलं म्हणून इथेही देत नाही.

दुसऱ्या कागदावर नाव होतं. घंटा वाजवणाऱ्याचंच. त्याने लिहिलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऑफिसमधे बोलावलं, घरून वडील आले, आठवडाभर शाळा सुटल्यावर थांबावं लागलं, आणि वर्गात मी सांगितलं की आजीकडे जायचंय म्हणून वडील आले होते, कारण तोपर्यंत सगळे एकमेकांना टाळ्या देत होते की आपण कोणी फुटलो नाही, मग मी ते तसंच राहू दिलं.

म्हणजे अख्खा वर्ग जी गोष्ट मिरवत होता ती खोटी आहे हे त्या वर्गात दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक जिने नाव सांगितलं ती आणि एक ज्याचं नाव सांगितलं गेलं तो. दोघं तीन वर्षं त्याच वर्गात बसून ती गोष्ट ऐकत होते, आणि माझी खात्री आहे, दोघांनीही ती कोणाला ना कोणाला सांगितलीही असणार.

मी अक्षर ओळखलं होतं. दोन वर्षं वह्या तपासल्यावर ओळखतंच. पण तिला बाजूला बोलावलं असतं तर ती घाबरून नाही म्हणाली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाली असती. म्हणून छापायची सगळी पानं तयार झाल्यावर प्रत्येकाला, अगदी पन्नासच्या पन्नास जणांना, दोन मिनिटं बोलावलं, तुझं पान बघ, काही काढायचं बदलायचं असेल तर आत्ता सांग. तिची पाळी आली तेव्हा तिने घंटेचं पान वाचलं, कारणाच्या ओळीवर पेन ठेवलं आणि म्हणाली एवढं काढा, बाकी राहू दे. माझ्या तोंडून "नाव?" असं निघालं. ती म्हणाली, "नको."

तो आला तेव्हा त्याने तेच पान वाचलं, तिचा बिननावाचा मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाला, "हं, माहितीये कोण आहे." मी काही बोलले नाही. "मॅडम, मैदानात मी पहिल्या रांगेत होतो, सगळं ऐकू येत होतं." मग विचारलं की मसुद्यात त्याच्या नावात वेलांटी चुकलीय ती दुरुस्त होईल का.

कमिटीत मात्र मोठं भांडण झालं. सेक्रेटरीचं म्हणणं, हे पान नकोच. एकजण म्हणाला, ऑफिसच्या रजिस्टरमधे बघू, नोंद असेल, एकदाचा निकाल लागेल. रजिस्टर काढायला मी साफ नाही म्हटलं, स्मरणिका काढतोय, चौकशी समिती बसवलेली नाही. पण तिसऱ्याने विचारलं ते मला पटलं, की मॅडम, मला स्वतःला स्वच्छ दिसतंय, सर पाठ फिरवून चाललेत आणि आम्ही सगळे गप्प, मग हे मला आठवतंय ते काय आहे?

त्याला मी ऑफर यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. डॅनियल ऑफर हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ. १९६२ साली त्यांनी चौदा वर्षांच्या ७३ मुलांच्या मुलाखती घेतल्या, घर, शाळा, आईवडील, शिक्षा वगैरे सगळं विचारलं, आणि त्यातल्या ६७ जणांना ४८ व्या वर्षी गाठून परत तेच विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं म्हणून. २००० साली निकाल छापला, तर उत्तरं जुळण्याचं प्रमाण नुसतं अंदाजाने टाकलं असतं तर जेवढं आलं असतं तेवढंच. लहानपणी ८२ टक्के मुलांनी शिक्षा म्हणून मार मिळतो असं सांगितलं होतं, मोठेपणी ३३ टक्क्यांनाच ते आठवत होतं. आणि ही माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना तसंच आठवत होतं. आमच्या वर्गाला चौतीस वर्षं लागली नाहीत, तीन पुरली, कारण रोज कोणीतरी ती गोष्ट परत सांगत होतं आणि दरवेळी ती जरा आणखी घोटीव होत होती.

शेवटी घंटेचं एक पान झालं, त्यावर चार हकिकती, जशा आल्या तशा, वर खाली काही मल्लिनाथी नाही. वर्गाची नेहमीची गोष्ट, तिचा बिननावाचा मजकूर, त्याचा नावासकट, आणि चौथी सेक्रेटरीची. तिने लिहिलं, "माझ्या आठवणीत कोणीही बोललं नाही आणि मी ते बदलणार नाही." मला हे आवडलं, दुरुस्त करायला सांगितलं असतं तर पान खोटं झालं असतं. नाव सांगणारीला त्रास होईल ही मला धास्ती होती. छापून आल्यावर ग्रुपवर दोन दिवस कोण कोण चाललं, दोघांनी तर मलाच विचारलं, मग परीक्षा आली आणि सगळे तिकडे वळले.

शेवटी प्रत्येकाचा फोटो, नाव आणि नववीतला बाक असा भाग टाकला, एकही मूल न गाळता. कमिटीला तो कंटाळवाणा वाटत होता. पण बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली शाळा सोडलेल्या ३९२ जणांवर केलेला अभ्यास मला माहीत होता, त्यात पंधरा वर्षांनंतरही लोक वर्गमित्रांचे चेहरे आणि नावं समोर ठेवली की ९० टक्के ओळखत होते, पण समोर काही न ठेवता नावं आठवून सांगा म्हटलं की पुष्कळ कमी यायची. म्हणजे "पाच वर्षं मी कुठे होते" विचारणारी मुलगी कोणाला आपणहून आठवणार नाही, पण फोटो दिसला की ओळखतील. ती पहिल्या बाकावर दाराजवळ बसायची, आणि तिच्या कागदावरून कळलं की उशिरा येणाऱ्या प्रत्येकाचा बहाणा तिला पाठ होता. ते बहाणे तिने दोन पानं भरून दिले आणि सगळ्या स्मरणिकेत त्यावरच सगळ्यात जास्त हसले लोक.

सेक्रेटरी आणि माझं अजून पटलेलं नाही. ती म्हणते, मॅडम, दहावीत आम्ही एकमेकांना धरून राहिलो ते त्या घंटेच्या गोष्टीमुळे, खरी असो नाहीतर खोटी, तुम्ही ती मोडलीत. मोडली हे मी मानते. मोडायला नको होती असं मात्र मला वाटत नाही, कारण ती गोष्ट टिकवायचा खर्च दोघंच भरत होते. ह्यावर ती म्हणते, त्यांनी कुठे तक्रार केली होती? आणि ह्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

आता शाळेत एक बदल केलाय, आठवीपासूनच दर वर्षाच्या शेवटी एक तास कागद लिहून घ्यायचे आणि पाकिटात बंद करून ठेवायचे, बारावीला उघडायचे, म्हणजे निदान त्या त्या वेळचं काहीतरी हाताशी राहील. कोपऱ्याचा नियम तोच. पहिलं पाकीट आठवीचं तयार आहे. बंद करायच्या आधी मी चाळलं, तर निम्म्याहून जास्त कागदांवर नवीन बाक किती टोचतात एवढंच लिहिलेलं आहे.